काट्यावरचे अण्णा

वारणानगरात आमच्या गल्लीतला रक्ताचा रिपोर्ट आधी अण्णांकडे जातो, मग डॉक्टरांकडे. अण्णा साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त झाले, पण काटा काही डोक्यातून उतरला नाही. कपाळावरचा चष्मा नाकावर येतो आणि पहिला सवाल ठरलेला : "उपाशी हुतास न्हवं? का श्रीखंड चाटून गेल्तास?" वारणेच्या श्रीखंडाच्या गावात हा सवाल कुणाला लागत नाही.

परवा एका गुरुजींनी हसतच कागद पुढं केला. उपाशीपोटी साखर 98. अण्णा हसले नाहीत. खाली इन्शुलिन होतं 24.

"गुरुजी, साखर झ्याक हाय. पर ती झ्याक ठेवाय गडी किती लागल्यात बघा की! चार गड्यांची गाडी धा जण उतरवाय लागल्यात. उद्या गडी दमलं म्हंजे?"

मग कागदाच्या कोऱ्या बाजूवर हिशेब. 98 गुणिले 24, भागिले 405. आलं 5.8. या सूत्राला होमा म्हणतात, ते 1985 साली ऑक्सफर्डच्या मंडळींनी मांडलं. अण्णांचं ऑक्सफर्डशी देणंघेणं नाही. 405 नं भागायचं, एवढं पाठ. मधुमेह आहे की नाही हे या आकड्यावर ठरत नाही, ते साखरेवर आणि तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतं. अण्णा हेही सांगतात. फक्त समोरच्याचा चेहरा पुरता पडल्यावर.

दोन लॅबचे आकडे शेजारी ठेवलेले त्यांना खपत नाहीत. "काटा बदलला की वजन बदलतंय." यात ते शंभर टक्के बरोबर आहेत. रक्तातलं इतकं बारीक इन्शुलिन मोजायची रीत न्यूयॉर्कच्या रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी काढली, यॅलोबाईंना त्यासाठी 1977 चं नोबेल मिळालं, असं मी एकदा सांगितलं. अण्णा विचार करून म्हणाले, "बाई आपल्या काट्यावर पायजे हुती."

एकदाच अण्णा फसले. कोडोलीच्या एका म्हाताऱ्या पैलवानाचं इन्शुलिन 60 आलं. अण्णांनी पाठ थोपटली, "प्यांक्रिया तरणीबांड हाय!" डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. पैलवान रोज इन्शुलिनचं इंजेक्शन घेत होता. तेच मोजलं गेलं होतं. शरीर स्वतः इन्शुलिन बनवतं तेव्हा तेवढंच सी-पेप्टाइड सुटतं, इंजेक्शनात ते नसतं. म्हणून ते तपासायचं.

दुसऱ्या दिवशी अण्णा बाकावर हजर, आवाज दुप्पट. "सभासदाचा ऊस कंचा आन भायरनं आल्याला गेटकेन कंचा, काट्याला काय कळतंय? पावती बघाय लागतीया. सी-पेप्टाइड म्हंजे पावती!"

पैलवानाची पावती आली. आकडा अगदीच खाली. पैलवान बारीक आवाजात म्हणाला, "म्हंजे माझा कारखाना बंद?"

"बंद कशानं? गेटकेनवर चाललाय की. सुई तेवढी चुकवू नगंस."