आमच्या हिरोचा कोंडा

पुरुष कसा असतो हे मला पक्कं ठाऊक आहे, असा माझा समज होता. वडील, भाऊ, नवरा, मुलगा आणि सोसायटीचे सेक्रेटरी एवढा ऐवज हाताशी असताना वेगळा अभ्यास कशाला? म्हणून आमच्या व्हॉट्सॲप गटात सामूहिक कथा सुरू झाली आणि "पुरुषपात्र कोण घेतंय?" असा प्रश्न आला, तेव्हा सगळ्यात आधी माझा हात वर.

खेळ असा, की प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीनं त्याच्या बाजूनं लिहायचं. पुढं काय होणार ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. अमेरिकेत १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ निघाला, तेव्हापासून परकायाप्रवेशाचा हा उद्योग जोरात आहे. आमच्याकडे राक्षस नव्हते, लालबाग-परळच्या गिरण्या होत्या. साल १९८१, गिरणी संपाच्या आदलं. नियम एकच, पण कडक. दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. त्यानं काय बोलायचं, कधी रडायचं, हे त्याचा मालक ठरवणार.

बाईनं पुरुष लिहायचा यात मला विशेष काही वाटलं नाही. फाळक्यांच्या 'लंकादहन' चित्रपटात १९१७ साली अण्णा साळुंके राम आणि सीता दोन्ही झाले होते. मला एक गिरणी कामगार जमू नये?

मी रणवीर जन्माला घातला. सहा फूट उंची, रुंद छाती, करारी जबडा आणि भूतकाळात काहीतरी दुःख. कोणतं ते सवडीनं ठरवणार होते. अंगात लांब काळा कोट. पहिल्याच प्रवेशात तो साचाखात्याच्या दारात उभा राहिला, त्यानं केसांतून हात फिरवला आणि दूर कुठंतरी बघत राहिला.

गटातल्या एका काकांचे वडील गिरणीत साच्यावर होते. त्यांचा मेसेज आला, "ताई, सूत तुटू नये म्हणून तिथली हवा मुद्दाम दमट ठेवायचे. माणसं बनियनवर घामानं निथळत असायची. हा कोट घालून उभा राहिला तर त्याला उचलूनच बाहेर आणावा लागेल." शिवाय राजापूर तालुक्यात पन्नासच्या सुमारास जन्मलेल्या पोराचं नाव रणवीर कोण ठेवील, अशीही शंका त्यांनी काढली. मी कोट उतरवला. नाव सोडलं नाही.

काकांनी स्वतः खानावळवाली घेतली होती. सत्तरीचा पुरुष बाई लिहिणार म्हणजे पदर ढळणार, बांगड्या किणकिणणार, अशी मी मनाची तयारी केली होती. त्यांची सुलभाबाई आली ती वही घेऊन. कुणाची किती ताटं झाली, गावाला जाताना कोण पैसे बुडवून गेला, सगळं तोंडपाठ. रणवीरपुढं ताट सरकवत ती म्हणाली, "दोन महिन्यांची बाकी आहे. ह्या पगाराला देणार ना?"

मी लिहिलं, "रणवीर काही बोलला नाही. केसांतून हात फिरवत तो खिडकीबाहेर बघत राहिला."

आतल्या आत धुमसणारा अबोल पुरुष कादंबरीत शोभतो, कारण तिथं त्याच्या मनात काय चाललंय ते लेखिका पानंच्या पानं सांगू शकते. आळीपाळीच्या कथेत समोरच्यानं उत्तर द्यायचं ते कशाला? सुलभाबाई पळी धरून उभीच. जॉबरनं, म्हणजे मुकादमानं, डिवचून पाहिलं, रणवीरनं जबडा आवळला. युनियनवाला सभेचं बोलावणं घेऊन आला, रणवीरनं बिडी पेटवली. कथा त्या खानावळीतून हलेना. शेवटी जॉबर झक्क रंगवणाऱ्या कॉलेजातल्या पोरीनं विचारलं, "मावशी, तुमच्या हिरोला कोंडा झालाय का? सारखा डोक्याला हात!"

कोंडी फोडायची म्हणून मी लिहून टाकलं, "त्या मौनामागची वेदना ओळखून सुलभाच्या डोळ्यांत पाणी आलं." काका लगेच हजर. "सुलभाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अखत्यारीत येतं. आणि बाकी थकवणाऱ्याकडे बघून तिला रडू येत नाही. आमटीत पाणी वाढवावंसं वाटतं."

मग मी घरचा पुरुष अभ्यासाला घेतला. नवऱ्याला त्याच्या मित्राचा फोन आला होता. मित्राची आई दवाखान्यात, खुब्याचं ऑपरेशन. मी वही घेऊन शेजारी बसले. मुंबई-गोवा महामार्ग, गाडीचा क्लच, पुन्हा महामार्ग. फोन ठेवल्यावर विचारलं, "काकूंचं ऑपरेशन कसं झालं?"

"अरेच्चा, ते विचारायचं राहिलंच."

मी वहीत 'दगड' असं लिहून खाली रेघ मारली. रात्री जेवण होताच हा पँट चढवून थर्मास शोधायला लागला.

"कुठं निघालास?"

"दवाखान्यात. त्याची झोप झालेली नाही, आज मी बसतो. मघाशी म्हणाला ना तो?"

क्लचच्या कोणत्या वाक्यात तो हे म्हणाला, ते मला आजतागायत उमगलेलं नाही.

रणवीरचा गणपत झाला. उंची उतरवली, छाती नेमस्त केली. बदली कामगार. रोज गिरणीच्या फाटकाशी उभं राहायचं, कुणाचा खाडा असला तर काम, नाहीतर परत खोलीवर. गावी आई, लग्नाची बहीण आणि दर महिन्याची मनीऑर्डर. सुलभाबाईनं बाकी मागितली तेव्हा गणपत गप्प बसला नाही. बांगडा महागलाय का, पाऊस कधी उघडणार, अशी चौकशी करत त्यानं तिचा कुरकुरणारा स्टोव्ह पुढं ओढला आणि पिन मारायला बसला. काकांना तेवढं पुरलं. "ह्याचे पैसे बाकीतून वळते होणार नाहीत," असं बजावत सुलभाबाईनं त्याच्या ताटात एक भाकरी जास्तीची टाकली. कथा सुटली. खबरदारी म्हणून गणपतला मी टक्कलही दिलंय.

कथेत आता १८ जानेवारी १९८२ जवळ येतेय. डॉ. दत्ता सामंतांच्या मागं सुमारे अडीच लाख कामगार संपावर जाणार आणि त्यातल्या अनेकांना गिरणी पुन्हा दिसणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. गणपतला ते कळू द्यायचं नाही, हाही खेळाचाच भाग. तो बहिणीच्या लग्नासाठी मार्चचा मुहूर्त धरून बसलाय.

जाता जाता एक निवेदन. पोरीची परीक्षा आल्यामुळं आमच्याकडे जॉबरची जागा रिकामी आहे. बायकांनी अवश्य अर्ज करावेत. उंची, छाती, जबडा कळवू नये. बदलीचं काम द्यायला तो कुणाकडून किती खातो आणि घरी कुणाला घाबरतो, तेवढं कळवावं.