लॅपटॉपमध्ये शिरलेले बाबा

एस्पो, फिनलंड

तीर्थरूप बाबांस,


इकडे लॅपटॉप सोडून सर्व क्षेम. चिनू एक वाक्य टाइप करून पाणी पिऊन येते, तेव्हा कुठे अक्षरं उमटतात. निदानं मात्र भरपूर झाली. ह्यांच्या मते मशीन म्हातारं झालं, त्यामुळे नव्याच्या किमती बघून झाल्या. आत्याबाईंनी फोनवरूनच व्हायरस ठरवला. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली जिथे लिनक्स लिहायला घेतलं ते हेलसिंकी इथून मेट्रोच्या अंतरावर, आणि लिनक्सवरच चालणाऱ्या लॅपटॉपबद्दल आमच्याकडे ही चर्चा!

मला खटकलं ते वेगळंच. काम झेपेनासं झालं की लॅपटॉप तापतो, पंखा घरघरतो. आमचा थंडगार, पंखा गप्प. म्हणजे तो दमलेला नव्हता, त्याला कुणीतरी काम करू देत नव्हतं. वेग बघितला, तर ४ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा प्रोसेसर ऐन कामातही ४०० मेगाहर्ट्झवर बसून!

राग मानू नका, पण तुमची आठवण झाली. उन्हाळ्यात इथे होतात तेव्हा आम्ही बसलेल्या खोलीतला दिवाही तुम्ही घालवायचात, आणि रात्री दहालाही बाहेर उजेड असल्यामुळे आम्हाला बोलायची सोय नसायची. लॅपटॉपमध्ये असे दोन बाबा निघाले. एक लिनक्सबरोबरच आलेला पॉवर-प्रोफाइल्स-डीमन, तो ‘पॉवर सेव्हर’वर होता. दुसरा टीएलपी, बॅटरी टिकावी म्हणून ह्यांनी कधीतरी बसवलेला. मी मोड ‘बॅलन्स्ड’ करायची आणि चार्जर काढला की टीएलपी येऊन बॅटरीसाठीची आपली काटकसरीची सेटिंगं लावायचा. दोघांचे हात त्याच सेटिंगांवर, म्हणून एकच ठेवायचा असतो. टीएलपीला नारळ दिला. (इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरवर वेगाच्या धोरणाला ‘पॉवरसेव्ह’ एवढं नाव दिसलं म्हणून घाबरायचं नाही बरं का. तिथे त्या नावाखालीही वेग गरजेप्रमाणे वरखाली होतो.)

त्यानंतर लॅपटॉप बॅटरीवर पळू लागला. पण चार्जर लावला की पुन्हा ४००! वीज मिळाली की मंद, काढली की तरतरीत, हा काय उफराटा न्याय?

दोष चार्जरचा होता. जुना तुटल्यावर ह्यांनी स्वस्तातला आणला होता. काही लॅपटॉपांच्या चार्जरच्या टोकात मधोमध एक बारीक पिन असते. आपण कोण, किती वॅटचे, हे चार्जर तिच्यातून सांगतो. ओळख पटली नाही की लॅपटॉपचं फर्मवेअर जोखीम नको म्हणून प्रोसेसरलाच इशारा देऊन आवरतं. तिथे लिनक्सची सेटिंगं कितीही बदला, फरक शून्य. हा आवर काढून टाकायच्या युक्त्या आहेत, ह्यांना मोहही झाला. मी हात लावू दिला नाही, कारण आतले इतर भाग फार तापले तरी तोच इशारा येतो.

अस्सल चार्जर आला, लॅपटॉप सुतासारखा सरळ झाला. नव्या लॅपटॉपचा विषय संपल्यामुळे ह्यांचा चेहरा तेवढा उतरलाय.

आई म्हणत होती, तुमचाही रखडतो. वरच्या कोपऱ्यातल्या मेनूत पॉवर मोड बघा. ‘पॉवर सेव्हर’ असेल तर तो कुणी लावला हे मी विचारणार नाही. ‘बॅलन्स्ड’ करा. आणि नाक्यावरच्या दुकानातून चार्जर आणला असेल, तर त्याची खरी किंमत आईला सांगून टाका. तिला कळलीच आहे.

कळावे,
तुमची लेक