दोन इंच

गाडी खाली बसली की माणूस वर चढतो, असा माझा समज होता. म्हणून मी माझ्या लाल सॅन स्टॉर्मच्या मूळ स्प्रिंगा काढल्या आणि 2 इंच आखूड, चांगल्या कडक स्प्रिंगा घातल्या. गाडी गोव्यात जन्मलेली, दोन माणसांची, अंग फायबरचं, पोटात रेनोचं 1149 सीसीचं इंजिन, ताकद 60 घोड्यांची. आमच्या पंचक्रोशीत 60 घोडे एकत्र दिसायला पूर्वी आदिलशाही लागायची. आता मी एकटा पुरे होतो.

अफजलपूरच्या बसस्टँडसमोर ती उभी केली की पोरं गुडघ्यावर बसून खाली बघायची. मला वाटायचं, कौतुक चाललंय. कोंबडी अडकली का ते बघत होती, हे पुढे कळलं.

सरळ रस्त्यावर काही तक्रार नव्हती. पण वळण आलं आणि ऐन वळणात रस्त्याला टेंगूळ असलं, की गाडीला स्वतःचं मत सुचायचं. स्टेअरिंग मी धरलेलं तेवढंच, आणि नाक एकदा आत, एकदा बाहेर; मग मागचं अंग टुणकन उडून हातभर बाजूला. समोरून येणारे मोटारसायकलवाले अशा वेळी कपाळाला हात लावायचे. मी तो नमस्कार समजून परत करत असे.

आधी टायर बदलले. मग हवा 36 केली, मग 26. मग मागे पंखा, म्हणजे स्पॉयलर, लावला, कारण वेगात हवा गाडीला रस्त्यावर दाबून धरते असं वाचलं होतं. वाचलं ते खरं होतं. पण वेग 45 होता. त्या वेगात त्या पंख्यावर फक्त कावळा दाबून बसू शकत होता, आणि बसायचा.

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर तुरीबद्दल बोललंच पाहिजे. आमच्या गुलबर्ग्याच्या, म्हणजे आताच्या कलबुर्गीच्या, तूरडाळीला 2019 साली जीआय मानांकन मिळालं. ते देणाऱ्यांनी ही तूर झोडपते कोण याची चौकशी केली की नाही, ठाऊक नाही. मळणीला आमच्याकडे रास म्हणतात आणि रास पुष्कळदा डांबरी रस्त्यावर होते. शेतकरी तुरीची वाळलेली झाडं रस्ताभर पसरतो आणि कडेला विडी ओढत बसतो. बस येते, उसाचा ट्रॅक्टर येतो, शेंगा तडातड फुटतात, मजुरी शून्य. बसचा ड्रायव्हर तर मुद्दाम जरा नागमोडी घेतो, तेवढंच पुण्य. प्रत्येक वाहनाचं या कामात स्थान ठरलेलं आहे. ट्रक उत्तम, जीप बरी, स्कूटर निरुपयोगी.

माझी गाडी दिसली की शेतकरी विडी टाकून उठायचा. स्वागताला नव्हे. माझा बंपर जमिनीपासून चार बोटं. मी रास मळत नव्हतो, ओढून नेत होतो. एकदा तर पलीकडे पोचलो तेव्हा अर्धं खळं माझ्या पुढ्यात आणि उरलेलं पोटाखाली. एक म्हातारी सूप घेऊन आली. पदर खोचून गाडीखाली शिरली, एकेक काटकी ओढून काढली, तिथेच रस्त्यात पाखडली, माती वेगळी, भुसा वेगळा. दाणे ओटीत घेतले. शेवटी ऑइल लागलेल्या मूठभर तुरी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाली, “ह्या तुझ्या. वरण कर.”

करडईच्या राशीवर मी बोलणार नाही. तिला काटे असतात. आमच्या पंक्चरवाल्याने त्या हंगामात दुकानाला रंग दिला, एवढं सांगून थांबतो.

तर माझ्या वडिलांची, अप्पांची कंबर. मणक्याची चकती सरकली होती आणि कलबुर्गीच्या डॉक्टरांनी तपासायला बोलावलं होतं. साठेक किलोमीटर. गाडीत जागा दोघांना, म्हणून आईला लाल बसमध्ये बसवून दिलं. “तुमच्याआधी पोचते बघ,” म्हणाली. पोचली.

चौडापूरच्या अलीकडच्या एका वळणावर गाडी नेहमीसारखी उडाली. अप्पा काही बोलले नाहीत. मी बघितलं तर त्यांनी हँडब्रेक धरला होता. ओढत नव्हते. नुसता धरला होता, जत्रेत लहान पोर बापाचं बोट धरतं तसा. वळण संपल्यावर म्हणाले, “निधान.” म्हणजे हळू. घरात आम्ही मराठी बोलतो. अप्पांना फार दुखलं की कन्नड येतं.

त्या वळणावरच्या टेंगळाचा मला मनापासून राग आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वर कितीही डांबर ओता, खालची जमीन कूस बदलतच राहते. मातीत चुना मिसळावा, खाली मुरुमाचा थर द्यावा, बाजूला पाणी साचू देऊ नये, हे शास्त्र काही नवं नाही. तरी दर वर्षी टेंगळावर डांबराचा एक लेप, म्हणजे टेंगळाला टोपी. या रस्त्याने दिवस भरलेल्या बायका जीपमधून जातात. डायलिसिसवाले आठवड्यातून दोनदा जातात, आणि परतही याच रस्त्याने येतात. त्यांना इलाज नसतो. मी मात्र पदरचे पैसे खर्चून प्रत्येक खड्डा अप्पांच्या कमरेजवळ 2 इंच आणून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने वाकून बघितलं आणि विचारलं, “अच्छी खासी गाडी कू काय कू छेडे, मालक?”

मग त्याने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. शेजारच्या बांधकामावरून ओळंबा आणि सुतळी मागवली. स्टेअरिंग दोरीने बांधून टाकलं. पुढची स्प्रिंग काढली आणि नुसतं चाक जॅकने इंचाइंचाने वर चढवलं. सुतळी ताणलेली, हातात पट्टी. कोणी स्टेअरिंगला बोट लावलं नव्हतं, आणि चाक वर चढता चढता हळूच बाहेर तोंड फिरवत होतं. दोन मिलिमीटर, मग चार. गोष्ट साधी होती. चाकाला खालून धरणारा लोअर आर्म आणि त्याला वळवणारा टायरॉड, दोघेही चाकाबरोबर वर-खाली झुलतात. मूळ उंचीच्या आसपास दोघे जोडीने चालतात. मी गाडी खाली बसवून त्यांना अशा टोकाला नेलं होतं, की एक बैल विहिरीकडे ओढतोय आणि दुसरा गोठ्याकडे.

आणि ते रबर. शॉकअपच्या दांड्यावर शेवटचा धक्का खायला एक रबर असतं. माझ्या गाडीत तिथवर जेमतेम अंगठाभर जागा उरली होती. वळणात बाहेरची बाजू आधीच दबलेली. त्यात टेंगूळ आलं की दांडा रबरावर आपटायचा आणि त्या क्षणी स्प्रिंगचा दगड व्हायचा. दगड दबत नाही, उडतो. हवेतल्या टायरला वळण काय आणि सरळ काय.

या शोधानंतर मी सूडबुद्धीने वाचन केलं. सिट्रोएनच्या 2 सीव्हीची अट होती, की अंड्यांची टोपली घेऊन नांगरलेल्या शेतातून जावं आणि अंडं फुटू नये. 1948 साली ती गाडी लोकांसमोर आली. ठीक, ती शेतकऱ्यांची गाडी. पण 1962 ची लोटस एलान, जिच्या वळण्याचे आजही गोडवे गातात, तिच्याही स्प्रिंगा मऊ! आणि आपल्या दिलीप छाब्रियांनी 2012 च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अवंती दाखवली, तिला जमिनीपासून 170 मिलिमीटर मोकळी जागा होती. म्हणजे स्पोर्ट्स कार करणाऱ्यांना रस्ते ठाऊक होते. स्पोर्ट्स कार चालवणाऱ्याला आरसा ठाऊक होता.

मूळ स्प्रिंगा शोधायला घरी आलो. दोन गोठ्यात सापडल्या, एक तुळशीच्या कुंडीखाली. चौथी मिळेना. शेवटी स्वयंपाकघरात दिसली. आईने तिच्यावर पाण्याचा माठ ठेवला होता आणि माठ इतका नेमका बसला होता की जणू कारखान्याने त्याच्यासाठीच ती वळली असावी.

मिस्त्रीने चारही बसवल्या, झिजलेले बुश बदलले, सुतळी ताणून चाकं सरळ केली. पंखा मी स्वतः काढला. पुढच्या तपासणीला निघालो तेव्हा त्या वळणाआधी मीच श्वास रोखला होता. अप्पांनी खिशातून अडकित्ता काढला आणि ऐन टेंगळावर सुपारी कातरली. एक कतरण माझ्यापुढे धरली.

लाल आखूड स्प्रिंगांपैकी एक आता माठाखाली आहे. माठ हलत नाही, डुलत नाही. फक्त आईची कुरकुर चालू असते, की पाणी घ्यायला हल्ली 2 इंच जास्त वाकावं लागतं.