साडूची गाडी

आमचे पुण्याचे साडू कंपनीच्या कामानं एकदा जर्मनीला गेले आणि तिथून भाड्याच्या गाडीनं ऑस्ट्रियात जाऊन आले. तेव्हापासून ‘सीमा’ या विषयावर घरात दुसरं कुणी बोलत नाही. भाड्याची गाडी दुसऱ्या देशात न्यायची तर कंपनीला आधी कळवावं लागतं, ऑस्ट्रियाच्या हायवेवर जायचं तर आधी टोलचा पास घ्यावा लागतो, गाडी ताब्यात घेताना तिचा चहूबाजूंनी व्हिडिओ काढावा, पैसे एका जागी ठेवू नयेत, अंधार पडायच्या आत मुक्काम गाठावा. हे सगळं आम्ही लग्नात, बारशात आणि एका तेराव्यालाही ऐकलेलं आहे.

त्यामुळं आईला बिदरचं झरणी नरसिंह दाखवायचं आणि तिथून औराद-देगलूरमार्गे नांदेडला गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन लातूरला परतायचं ठरलं, तेव्हा मी ती सहल फार गांभीर्यानं घेतली. मी कॉलेजात भूगोल शिकवतो. फळ्यावर खडूनं राज्यांच्या सीमा काढत निवृत्तीला आलो, पण स्वतः गाडी हाकत एकही ओलांडली नव्हती. आठवडाभर आधीपासून मी नकाशे काढून बसलो, मोबाईलमध्ये कानडी आकडे उतरवून घेतले आणि ‘गाडी पंक्चर आहे’ हे कानडीत पाठ केलं.

आईला यातलं काहीच पटत नव्हतं. “बिदरला जायला एवढं काय करायलास? माझाच जिल्हा हाय की तो.”

तिचंही चुकत नाही. तिचं माहेर उदगीर तालुक्यातलं आणि ती जन्मली तेव्हा उदगीर बिदर जिल्ह्यात होतं, बिदर निजामाच्या राज्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यं नव्यानं आखली तेव्हा उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात आले आणि बिदर म्हैसूरला गेलं. मग उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात, आणि 16 ऑगस्ट 1982 पासून लातूर जिल्ह्यात. आजोळची ओसरी जागची हलली नाही, जिल्हे मात्र तिच्या अंगावरून जात राहिले. नांदेडकरांचंही तेच. देगलूर तालुक्यातले बिचकुंदा आणि जुक्कल आंध्रात गेले, मुधोळ गेलं, आणि मुधोळबरोबर बासरची सरस्वतीही गेली. आमच्याकडची लेकरं श्रीगणेशा गिरवायला तेव्हापासून परराज्यात जातात. वर्गात मी हे सगळं फार रंगवून सांगतो. घरात सांगायला गेलो की आई म्हणते, “मला नको शिकवू, मी तिथं होते.”

आता गाडी. कायद्यानं भाड्यानं स्वतः चालवायला मिळणारी गाडी ओळखायची खूण म्हणजे काळी पाटी आणि तिच्यावर पिवळे आकडे. पिवळी पाटी आणि काळे आकडे म्हणजे ड्रायव्हरसकट मिळणारी टॅक्सी. पांढरी पाटी म्हणजे घरची गाडी, ती भाड्यानं देता येत नाही. काळ्या पाटीचा परवाना 1989 च्या योजनेखाली मिळतो आणि त्यासाठी धंदेवाल्याकडं निदान पन्नास गाड्या असाव्या लागतात. आमच्याकडं पन्नास गाड्या एकतर एसटीच्या डेपोत असतात नाहीतर उमेदवारी अर्ज भरायला निघालेल्या पुढाऱ्याच्या मागं. सामान्य माणसाला गाडी मिळते ती ओळखीतली.

मलाही ओळखीतली मिळाली. दिवसाला दोन हजार, पेट्रोल आपलं. मालकानं चावी हातावर ठेवली, तेवढ्यात मी मोबाईल काढून व्हिडिओ सुरू केला. साडूंच्या सूचनेप्रमाणं चारही दरवाजे, दोन्ही बंपर, टायर, डिकी, सगळं. मालक कौतुकानं बघत होता. गाडी मात्र धुतलेली नव्हती. ज्या गावाला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडी धुवायला लाव म्हणायला जीभ रेटत नाही. त्यामुळं माझ्या व्हिडिओत चार मिनिटं निव्वळ धूळ आहे. त्या धुळीखाली गाडी होती याचा कसलाही पुरावा त्यात नाही.

“पाटी पांढरी हाय,” मी म्हणालो. नियम मला ठाऊक होते, हे त्याला कळावं म्हणून.

“काही होत नाही सर. कुणी विचारलंच तर साडूची गाडी म्हणायचं. सगळे तेच म्हणत्यात.”

साडूच का, यावर मी उदगीरपर्यंत विचार केला. भावाची म्हणावी तर आडनाव जुळायला हवं. मित्राची म्हणावी तर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण मित्र गाडी देत नाहीत. साडूचं आडनाव मात्र काहीही असू शकतं. आपल्या नातेवाईकांत पोलिसांपुढं उभं करायला इतका सोयीचा माणूस दुसरा नाही. या विचारात मी एवढा रमलो की आरसीवर कुणाचं नाव आहे, ते बघायचं राहिलं.

पैशांची वाटणी बायकोच्या देखत झाली. थोडे तिच्या पर्समध्ये, थोडे चिवड्याच्या डब्याखाली आणि मोठी रक्कम माझ्या बंडीच्या चोरखिशात. पेट्रोल कर्नाटकात काही रुपयांनी स्वस्त मिळतं म्हणून टाकी मुद्दाम रिकामी ठेवली होती. त्यामुळं उदगीर सोडल्यावर काटा खाली आणि माझी छाती वर, अशा अवस्थेत आम्ही निघालो. याच उदगिरावर 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवलं. भाऊंच्या हत्तींचं पासिंग कुठलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

सीमा आली कधी ते कळलंही नाही. शेतात तूर होती, पुढंही तूरच होती. पाटीवरची अक्षरं तेवढी गोल झाली. आणि कमलनगरच्या अलीकडं खाकीतल्या माणसानं हात केला.

“गाडी यारदु?”

“साडूची!” मी म्हणालो. प्रश्न संपायच्या जरा आधीच म्हणालो असेन.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग पाटीकडं. पाटी एमएच 26, म्हणजे नांदेडची. लायसन्सवरचा पत्ता लातूरचा. आरसी मागितली. मी ती पहिल्यांदाच बाहेर काढली आणि त्यांच्याबरोबर मीही पहिल्यांदाच वाचली. नावाच्या शेवटी ‘सिंग’ होतं.

“साडू सरदारजी?” आता ते चक्क मराठीत बोलत होते. बिदरकडच्या माणसाला तीन-चार भाषा येतात आणि आपली फजिती तो त्यातल्या आपल्या भाषेतच करतो.

“हो,” मी म्हणालो.

“राहतात कुठं?”

“नांदेड,” मी म्हणालो. त्याच क्षणी मागून बायको म्हणाली, “पुणे.”

“बदली झाली,” मी म्हणालो.

ते खिडकीवर हात ठेवून वाकले आणि शांतपणे बोलू लागले. “सर, पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं आणली असंल तर सांगा. परमिट नसतं तिला. उद्या कुठं ठोकलाव तर विमा कंपनी तुमच्या नुकसानीचा रुपया देणार नाही. समोरच्याला दिलाच तर मालकाकडून वसूल करील, आणि मालक तुम्हाला धरील. आत म्हातारं माणूस हाय. भाड्याची असली तर गाडी हितंच लावावी लागंल.”

“आणि साडूची असली तर?”

“साडूची असली तर जावा.”

रस्त्यावर ऊन होतं. मागच्या सीटवर आई पाय आखडून बसली होती. मी आवाज चढवून, एकेक शब्द तोडून म्हणालो, “साहेब, ही गाडी माझ्या सख्ख्या साडूची आहे. ते सरदारजी आहेत. नांदेडला असतात.”

साहेब हसले. आरसीवरचा पत्ता त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवला, बहुधा माझा साडू कुठं राहतो हे मला कळावं म्हणून. मग आईची विचारपूस केली. त्यांचं आजोळ देवणीकडचं निघालं. आईनं त्यांच्या आजीचं माहेर शोधून काढलं, त्यांना चिवडा दिला (डब्याखालच्या नोटा मी पायानं दाबून धरल्या) आणि आम्ही सुटलो.

भालकी येईपर्यंत आई गप्प होती. आईला कमी ऐकू येतं, पण नको ते नेमकं येतं.

“सूनबाई,” ती म्हणाली, “धाकटीनं दुसरं लग्न केलं, एका शब्दानं कळवलं नाही मला.”

बायकोनं आरशातून माझ्याकडं पाहिलं. मी घसा साफ केला. “आई, तसं काही नाही. ते आपलं त्या साहेबांना सांगायला...”

“म्हणजे? तू पोलिसाशी खोटं बोललास?”

आता काय सांगावं! ज्या बाईनं मला दुसऱ्याच्या शेतातली ओंबी उपटली म्हणून बांधावर उभं केलं होतं, ती ऐंशी पार करून मागं बसलेली. मी म्हणालो, “नाही. खरंच आहे ते.”

“सरदार माणूस चांगला असतो. दांडगा असतो,” आई म्हणाली. “पण पहिल्याचं काय केलं तुम्ही लोकांनी? बिचारा किती बोलायचा.”

झरणी नरसिंहाला जाताना भुयारातून छातीएवढ्या पाण्यात चालावं लागतं. वर वटवाघळं लटकलेली, पुढं-मागं भाविक नामस्मरण करतात. आई काठावर हात जोडून थांबली आणि माझी पाठवणी झाली. पाणी कमरेच्या वर आलं तेव्हा मला चोरखिसा आठवला. मागं फिरायला जागा नव्हती. मी दोन्ही हातांनी बंडी वर धरून देवापर्यंत गेलो. नमस्कार राहूनच गेला, पुजाऱ्यानं माझ्याकडं फार विचित्र नजरेनं पाहिलं. रात्री लॉजवर पाचशेच्या नोटा दोरीवर वाळत घातल्या. दार वाजलं की बायको त्यांच्यावर टॉवेल टाकायची. सुरक्षिततेच्या ज्या ज्या गोष्टी मी केल्या, त्यातली ही एकटीच कुणाला संशयास्पद वाटली असती.

आम्ही नोटा उलटत होतो, तोवर आईनं लॉजच्या गॅलरीतून मावशीला फोन लावला होता. मावशीनं निलंग्याला लावला. निलंग्यावरून तो सोलापूरमार्गे पुण्याला पोचला. साडेनऊला साडूंचा मला फोन.

“अहो, मावशींनी मला आत्ता धीर दिला. म्हणाल्या, झालं गेलं विसरा, तब्येत सांभाळा. काय झालंय?”

“गाडी भाड्यानं घेतली,” मी म्हणालो. याहून थोडक्यात मला सांगता येईना.

“व्हिडिओ काढला होतात ना?” साडूंनी विचारलं.

सकाळी आईनं बिदरी कामाचं दुकान गाठलं. जस्त-तांब्याच्या काळ्या धातूत चांदीची नक्षी ठोकतात, आणि तो काळा रंग चढायला नवसागराबरोबर किल्ल्यातली जुनी माती लागते. कारागीर हे मन लावून सांगत होता. तिनं त्याचं सगळं ऐकून घेतलं, घासाघीस केली आणि एक गोल डबी घेतली. “जावयाला. पहिल्यांदा जायचं रिकाम्या हातानं?” पैसे मी दिले, अजून दमट होते.

“आई, त्यांच्याकडं कशाला?”

“नांदेडला जायचंय ना? पत्ता त्या साहेबांनी वाचला की. गुरुद्वाऱ्याजवळच हाय.”

मी बायकोकडं मदतीसाठी बघितलं. ती म्हणाली, “जाऊ या की. मलाही बघू दे माझा मेहुणा.”

औराद, देगलूर, नरसी, नायगाव. नांदेडला जाणारा हा रस्ता रुंद आणि गुळगुळीत आहे, आणि मला एकदाचं हे प्रकरण संपवायचं होतं, म्हणून ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा जडच पडला. गुरुद्वाऱ्यात दर्शन झालं, लंगरमध्ये पोटभर जेवण झालं. चपला घालता घालता आईनं आरसी मागितली.

दार एका उंचनिंच, पांढऱ्या दाढीच्या सरदारजींनी उघडलं. त्यांनी आधी आम्हाला पाहिलं, मग फाटकाबाहेरची गाडी पाहिली आणि अस्सल नांदेडी मराठीत म्हणाले, “अरे, ही तर माझी गाडी! तीन वर्सं झाली विकून.”

विकलेल्या गाडीवर घेणाऱ्यानं महिनाभरात आपलं नाव चढवून घ्यावं, असं कायदा म्हणतो. आमच्या ओळखीतल्या माणसाला तो महिना अजून सापडला नव्हता. हे सगळं मी पायरीवर उभा राहून समजावत होतो, तोवर आई आत जाऊन सोफ्यावर बसली होती. तिनं सरदारजींच्या हातात डबी ठेवली, वर नारळ ठेवला आणि म्हणाली, “जावईबापू, आमची पोरगी तापट हाय. सांभाळून घ्या.”

आतून त्यांच्या मंडळी पाण्याचा तांब्या घेऊन येत होत्या. त्या दारातच थांबल्या.

पुढची दहा मिनिटं मी आणि बायको आळीपाळीनं बोललो. खरं काय ते आईसकट सगळ्यांना कळलं. आई एवढंच म्हणाली, “पोलिसाशी बोललास ना खोटं? लातूरला चल, मग बघते.” सरदारजी मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू समाधान पसरत होतं. त्यांनी मोबाईल काढला, चष्मा चढवला.

“तीन वर्सं झाली, मला पोलिसांचे मेसेज यायलेत. लातूरला सिग्नल तोडला. सोलापूरला बेल्ट न्हाई. मी घरात बसून हाय आन् मेसेज म्हणतो तुळजापूरला नो-पार्किंग. घरचे म्हणायले, तुम्ही गुपचूप जाता तरी कुठं?” त्यांच्या मंडळींनी मान हलवली. “आज कळलं. बसा, बसा. चहा टाक गं.”

मग ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि बोटानं पडदा वर सरकवत शेवटच्या मेसेजवर थांबले. फोटो उघडला. स्टिअरिंगवर मी होतो, दात दिसत होते. बाजूला बायको काहीतरी बोलत होती. मागं दोन सीटच्या फटीतून आईचा चेहरा, अगदी स्वच्छ.

“फोटो झकास आलाय की,” आई वाकून म्हणाली.

“हे आजचं हाय, साडूभाऊ. नरसीच्या पुढं, स्पीडचं,” सरदारजी म्हणाले. “रोख देताव का फोनपे करताव?”