डिपस्टिकचं म्हणणं

पार्किंगच्या फरशीवर पहिला डाग दिसला तेव्हा तो रुपयाएवढा होता. आठवड्यात पुरीएवढा झाला. पुरणपोळीएवढा झाला त्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली : 'काही सभासदांच्या वाहनांतून तेल सांडत आहे. संबंधितांनी नोंद घ्यावी.' हे 'काही सभासद' म्हणजे एकटा मी, हे वॉचमनच्या मांजरालाही ठाऊक होतं. त्या डागातून चालत जाऊन चेअरमनांच्या पायपुसण्यापर्यंत ठसे उमटवून आलेलं तेच.

गाडी चोवीस वर्षांची. मेस्त्रीने खाली वाकून बॅटरीचा झोत मारला आणि सांगितलं, "पुढचं क्रँक सील गेलंय साहेब. सील दीडशेचं, पण तिथवर जायचे तीन हजार."

म्हणजे गडावरच्या देवीसारखा प्रकार. नारळ वीस रुपयांचा, पायऱ्या हजार. पण एकतीस वर्षं बँकेत लोकांची बिलं कापण्यात गेलेल्या माणसाला तीन हजारांच्या पायऱ्या परवडतात कशा? म्हटलं, आपणच चढू.

"ते गाडीचं बघताय तसं जरा इकडचंही बघा," स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला.

"बघतो," मी म्हणालो. हा शब्द मी बँकेत इतका वापरला होता की माझ्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात त्याचा खास उल्लेख केला.

मेस्त्रीचं निदान मान्य होतं, पण बँकेच्या शिरस्त्याप्रमाणे दुसरी सही हवी. इंजिनाचं तेल गळतं एका जागी आणि दिसतं भलत्याच जागी. वरून ओघळतं, वाऱ्याने मागे उडतं. म्हणून आधी इंजिन रॉकेलने पुसून कोरडं केलं, मग हिच्या डब्यातली अंगाला लावायची पावडर त्यावर भुरभुरली. न्हाऊमाखू घातलेल्या बाळासारखं ते दिसायला लागलं, तीट तेवढी राहिली होती. दहा मिनिटं चालू ठेवलं. पावडरीवर क्रँक पुलीच्या मागून एक काळा ओघळ आला. दुसरी सही झाली.

तेवढ्यात 'पुक' असा आवाज झाला आणि तेल मोजायची डिपस्टिक आपल्या नळीतून दोन बोटं वर आली. मी ती खाली दाबली. ती पुन्हा वर आली. मग हिच्या ड्रॉवरमधून कोथिंबिरीच्या जुडीचा रबर बँड आणला आणि तिला पक्की बांधून टाकली. वर आलेली गोष्ट खाली दाबायची, हा तर माझ्या नोकरीचा गाभा होता.

आता हे सील म्हणजे काय? पत्र्याची एक बांगडी, तिला आतून रबराचा ओठ, आणि त्या ओठाला आवळून धरणारी बारीक स्प्रिंग, लेंग्याच्या नाडीसारखी. जर्मनीतल्या वाइनहाइमच्या फ्रॉइडेनबर्ग या मूळच्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यात 1930 च्या आसपास असली सीलं बनू लागली. वाल्टर सिमर या अभियंत्याच्या नावावरून तिकडे त्यांना 'सिमरिंग' म्हणतात. सुरुवातीची सीलं चामड्याची होती, म्हणजे आपल्या हातपंपातल्या चामडी वायसरची जर्मन चुलतभावंडंच.

काम मात्र कष्टाचं. माझ्या गाडीचा शाफ्ट त्या जागी 35 मिलिमीटर जाडीचा. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल तर त्या ओठाखालून सेकंदाला साडेपाच मीटर लोखंड सरकतं. म्हणजे गाडी रस्त्यावर कितीही धावो, सील जागच्या जागी बसून तासाला वीस किलोमीटर तुडवतं. त्यात त्या ओठाखाली तेलाचा अगदी पातळ पापुद्रा राहावाच लागतो. तो नसेल तर रबर जळतं, जाड झाला तर फरशीवर पुरणपोळी.

नाना पेठेतल्या दुकानदाराने जुनं सील न बघताच विचारलं, "पस्तीस-पन्नास-आठ?" आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी. मी मान डोलावली. "ओरिजिनल की लोकल?" असं त्याने विचारलं तेव्हा त्याची नजर माझ्या चपलांवर होती. मी बाणेदारपणे ओरिजिनल घेतलं, टायमिंग बेल्टही नवा घेतला. त्यानंतर बुधवारच्या जुन्या बाजारातून पुलर, सॉकेटचा संच आणि एक टॉर्क पाना आणला. एकंदर चार हजार सातशे. तीन हजार वाचवायला एवढं भांडवल लागणारच.

पहिली लढाई क्रँक पुलीच्या बोल्टशी. बोल्ट फिरवायला गेलं की अख्खं इंजिन फिरतं. त्यावर तोड अशी की गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकायची आणि कुणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायचा. 'कुणीतरी' म्हणजे अर्थातच ही. तिने आत बसून मटार सोलायला घेतले. मी पान्याला चार फुटी पाइप लावून लोंबकळलो.

"दाबलायस ना?"

"दाबलाय."

"नीट दाब."

"चौतीस वर्षं दाबतेच आहे," ती म्हणाली, आणि बोल्ट कडकन सुटला.

पुली निघाली, कव्हर निघालं. टायमिंग बेल्ट काढण्याआधी वरच्या-खालच्या चाकांच्या खुणा जुळवून ठेवाव्या लागतात. एखादा दाता चुकला तर व्हॉल्व उघडण्याची वेळ चुकते आणि इंजिन एकतर कण्हत चालतं नाहीतर चालतच नाही. खुणा गंजल्या होत्या, म्हणून हिच्या मरून नेलपॉलिशने रंगवल्या. मुलीच्या लग्नानंतर ती बाटली पहिल्यांदाच उघडली गेली.

आणि मग ते दिसलं. चोवीस वर्षं एका जागी बसलेलं, दगडासारखं टणक झालेलं सील. शाफ्टला ओरखडा न पाडता ते उपसून काढायला दीड तास गेला. खाली शाफ्टवर बोट फिरवलं तर नखाला अडेल अशी एक खोबण लागली. एवढं पोलाद, पण तेलातल्या बारीक कचीच्या संगतीने रबराने त्याला खाच पाडली होती. गावच्या विहिरीच्या काठावर, दोराने घासून दगडाला पडलेल्या खाचा आठवल्या. मऊ वस्तू रोज घासत राहिली की कठीण वस्तूचं काय होतं, हे मी गाडीतल्या मटारवालीकडे बघत बराच वेळ मनात घोळवलं.

नवं सील बसवताना ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत ठेवली आणि पीव्हीसी पाइपचा मापाचा तुकडा धरून चहूबाजूंनी हलके ठोके दिले. ते मिलिमीटरभर अलीकडेच थांबवलं, म्हणजे ओठ जुन्या खाचेत न बसता कोऱ्या जागी टेकेल. संध्याकाळी गाडी पहिल्या स्टार्टरला चालू झाली. खाली पुठ्ठा पसरला. सकाळी कोरडा. दुसऱ्या सकाळी कोरडा. मी चेअरमनांना मुद्दाम नेऊन तो पुठ्ठा दाखवला. शेअरचं प्रमाणपत्र बघावं तसा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला.

नवव्या सकाळी पुठ्ठ्यावर रुपया होता.

मेस्त्री आला. त्याने सीलकडे पाहिलंसुद्धा नाही. बॉनेट उघडलं आणि त्याची नजर थेट रबर बँडवर गेली.

"हे कुणी बांधलं?"

वॉचमन, मांजर आणि ही, तिघंही माझ्याकडे बघत होते.

त्याने रबर बँड सोडला, इंजिन चालू केलं. पुक. काठी वर. मग त्याने इंजिनाच्या डोक्यावरून निघालेली एक रबरी नळी आणि तिच्या टोकाचा अंगठ्याएवढा व्हॉल्व काढला. तो हलवला की आतून खुळखुळायला हवा. तो मुका होता, काळ्या गाळाने चोंदलेला. सिलिंडरमधला थोडा जळका वायू पिस्टनच्या रिंगांमधून निसटून खाली तेलाच्या खोलीत उतरतोच. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून देत. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांवर हा व्हॉल्व आला, आणि तो वायू पुन्हा इंजिनातच जळायला जाऊ लागला. ही वाट बुजली की आतला दाब जिथे जागा सापडेल तिथून बाहेर पडतो. आधी काठी उचलतो, आणि काठी बांधली की सील फोडतो.

"साहेब, सील तुम्ही झकास बसवलंय," मेस्त्री म्हणाला. "पण ही काठी केव्हाची सांगत होती. तुम्ही तिचं तोंड बांधलंत."

त्याने नवा व्हॉल्व लावला, चहा घेतला आणि रबर बँड घडी घालून हिच्या हातात परत दिला.

रात्री जेवताना मला उगाच चुकल्यासारखं वाटत होतं. म्हटलं, "तुला काही सांगायचं होतं का मध्ये?"

"चार महिने सांगतेय," ती म्हणाली. "सिंकचा नळ गळतोय. वायसर गेलाय. तुम्ही खाली वाटी ठेवायला सांगितलीत. आता पातेलं ठेवलंय."

मी ताठ बसलो. "अगं, एवढंच ना? उद्या बुधवार. जुन्या बाजारात एक चांगला पाइप पाना बघतो, आणि…"

"प्लंबर नऊला येतोय," ही म्हणाली आणि कढी वाढली.