मागच्या सीटवर फ्रीज

आमची गाडी फोर बाय फोर आहे, ही गोष्ट अजून गाडीला कळलेली नाही. गिअरशेजारचा तो छोटा लिव्हर दोन वर्षांत मी एकदाच ओढला, तोही सोसायटीच्या पार्किंगमध्ये, खरंच ओढला जातो का ते बघायला. पण अशी गाडी दारात उभी असली की माणूस तंबू घेतो. तंबूमागून घडीच्या खुर्च्या येतात, खुर्च्यांमागून कंदील येतो, आणि त्या कंदिलाच्या उजेडात घाम पुसत बसलं की गार पाण्याची आठवण येते. फ्रीज आमच्याकडे असा आला.

"आपण वर्षातून किती रात्री तंबूत झोपतो?" बायकोने विचारलं.

"चार."

तिने पस्तीस हजारांना चाराने भागलं. हिशेब तोंडीच केला, पण शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा.

स्वस्तातला पर्याय मी आधीच आणून बघितला होता. तो कॉम्प्रेसरशिवायचा, पंखा असलेला डबा बाहेरच्या हवेपेक्षा फार तर वीसेक अंश खाली उतरतो. युरोपात ठीक असेल. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर बेचाळीस असताना आत बावीस, म्हणजे त्यापेक्षा आईचा माठ बरा. म्हणून कॉम्प्रेसरवाला घेतला. ३५ लिटरचा, १२ व्होल्टवर चालणारा, ४५ वॉटचा.

तो आत ३५ लिटरचा असतो, बाहेरून नाही. भिंती जाड, एका बाजूला कॉम्प्रेसर, वर हँडल. आमची जिम्नी पाच दारांची असली तरी चार माणसांची आहे आणि मागची सीट उभी ठेवली तर डिकी २०८ लिटर. तंबू, खुर्च्या, शेगडी आणि पाण्याचा कॅन गेल्यावर फ्रीजला जागा उरली ती मागच्या सीटच्या अर्ध्या भागावर, सीट पाडून. आम्ही घरात चार माणसं. कुणाला तरी उतरावं लागणार होतं. चिरंजीवांनी लगेच मोठेपणा दाखवला. "माझी जागा फ्रीजला द्या," असं म्हणून तो खोलीत गेला आणि आतून हसल्याचा आवाज आला.

फ्रीज नुसता ठेवून चालत नाही. भरला की तीस किलोंच्या वर जातो, आणि ब्रेक दाबल्यावर तीस किलो थेट ड्रायव्हरच्या मानेकडे निघतात. म्हणून पट्ट्यांनी बांधायचा. पण बांधला की झाकण उघडताना अर्धा माणूस गाडीत वाकवावा लागतो. ऑस्ट्रेलियातले लोक यासाठी सरकता ट्रे बसवतात, त्याची किंमत वाचून मी आमच्या सुताराला बोलावलं. त्याने गाडीत डोकं घातलं, फूटपट्टी फिरवली आणि म्हणाला, "साहेब, ही तर किचनची ट्रॉली." अठरा एमएमचा प्लाय, दोन जाड चॅनल, एका दिवसात काम झालं. "पन्नास किलो घेईल," तो म्हणाला. घेईल म्हणाला. धरून ठेवेल असं काही म्हणाला नव्हता.

मग वायरिंग. मी पुढच्या लायटरच्या सॉकेटला फ्रीज लावून मोकळा होणार होतो. नाना पेठेतल्या वायरमनने माझ्याकडे, नळाला बोट लावून पाणी अडवणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघितलं. ती वायर बारीक. तुमच्या चौथ्या मजल्यावर पाइप बारीक असला की धार करंगळीएवढी होते ना, तसा मागे जाईपर्यंत व्होल्टेज पडतो आणि फ्रीजला वाटतं बॅटरी संपली. हे त्याचं शास्त्र, आणि ते बरोबर आहे. त्याने बॅटरीपासून मागेपर्यंत थेट सहा एमएमची वायर ओढली, बॅटरीजवळच फ्यूज बसवला आणि शेवटी म्हणाला, "साहेब, रात्रभर चालवणार असाल तर दुसरी बॅटरी टाका." दुसऱ्या बॅटरीचा भाव ऐकून मी म्हणालो, "एका रात्रीचा तर प्रश्न आहे." तो काही बोलला नाही. पुण्यात अशा वाक्यांना उत्तर देत नाहीत.

मेच्या शेवटच्या शनिवारी आम्ही काजवे बघायला भंडारदऱ्याला निघालो. बायको पुढे, आई मागे, आईच्या शेजारी फ्रीज. त्यात काय भरायचं ते माझ्या मनात होतं: पाणी, सोडा, चार लिंबं. प्रत्यक्षात भरलं गेलं ते इडलीचं पीठ, कैरीचं पन्हं, अर्धा किलो श्रीखंड, ताकाच्या दोन बाटल्या आणि कोथिंबिरीची निवडलेली जुडी. जंगलात कोथिंबीर कशाला, या प्रश्नाला "मग फ्रीज कशाला?" असं उत्तर आलं. लिंबं खिशात ठेवली.

जलाशयाच्या काठी उताराची जागा मिळाली. मी गाडी चढाकडे तोंड करून लावली, कारण फोटोत तशी रुबाबदार दिसते, आणि मागचं दार उघडलं. सुताराचे चॅनल खरोखरच उत्तम होते. जरासुद्धा आवाज न करता फ्रीज आतून आला आणि श्रीखंडासकट माझ्या पोटाला भिडला. पुढची दहा मिनिटं मी त्याला मिठी मारून उभा होतो आणि बायको दगड शोधत होती. तो चाकामागे लावायचा, की ट्रॉलीला टेकू द्यायचा, की मला मारायचा, हे तिने सांगितलं नाही.

अंधार पडला. झाडं लुकलुकायला लागली. आमच्या फ्रीजचा निळा आकडाही लुकलुकत होता, आणि शेजारच्या तंबूतली एक मुलगी वडिलांना म्हणाली, "बाबा, तो बघा, निळा काजवा!" लोकांनी नम्रपणे तो झाकायला सांगितला. काजव्यांना उजेडाचा त्रास होतो हे खरंच आहे. आई उठली, आपली गोधडी फ्रीजवर चारी बाजूंनी नीट खोचली आणि म्हणाली, "गारही राहील. आमच्याकडे बर्फ पोत्यात नि भुशातच ठेवायचे."

आईचं म्हणणं इतिहासाला धरून आहे. मे १८३३ मध्ये बोस्टनहून निघालेल्या जहाजात १८० टन बर्फ असाच झाकून भरलेला होता. विषुववृत्त ओलांडून सप्टेंबरात ते कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला शंभरेक टन शिल्लक होता. चार महिने, तेही बॅटरीशिवाय. फक्त बर्फाला श्वास घ्यावा लागत नाही, कॉम्प्रेसरला लागतो. आतली उष्णता तो बाजूच्या जाळीतून बाहेर टाकतो, आणि ती जाळीच आईने खोचून टाकली होती. एरवी थोडा वेळ चालून थांबणारा कॉम्प्रेसर रात्रभर थांबलाच नाही. सतत पावणेचार अँपिअर, आणि बॅटरी गाडीच्या मापाची.

तरी व्होल्टेज फार उतरला की फ्रीज आपोआप बंद व्हायला हवा. तशी सोय त्यात असते, तीन पायऱ्यांची: हाय, मीडियम, लो. मी लोवर ठेवला होता, कमी वीज खाईल म्हणून. त्याचा अर्थ होता बॅटरीचं रक्षण कमी कर. त्याने आज्ञा तंतोतंत पाळली.

सकाळी किल्ली फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्सुद्धा नाही.

मदतीला आला तो काठावर लिंबूसरबत विकणारा पोरगा. त्याच्याजवळ थर्माकोलचा खोका होता, त्यात आदल्या दिवशी राजूरहून आणलेला बर्फ, आणि तो अजून खडखडत होता. त्याने चार मित्र बोलावले. गाडी वळवून उताराला लावली, मी सेकंड टाकला, क्लच सोडला. इंजिन लागलं. पोरगा म्हणाला, "काका, ही फोर बाय फोर ना?" मी हो म्हणालो. पाच सरबतं घेतली आणि सुट्टे परत मागितले नाहीत.

वाटेत फ्रीज लावायची माझी हिंमत झाली नाही. वायर उपटून ठेवली आणि श्रीखंडाची आशा सोडली. आळेफाट्याला चहासाठी थांबलो तेव्हा दुपार झाली होती. आईने गोधडी बाजूला केली, झाकण उघडलं. ताकाच्या बाटलीला बाहेर येताच घाम फुटला. कोथिंबीर ताठ. श्रीखंड असं गार की दाताला कळ लागावी. आई काही बोलली नाही. फक्त गोधडी पुन्हा खोचली, आधीपेक्षा घट्ट.

आता दुसरी बॅटरी टाकायची की फ्रीज काढायचा यावर घरात मतदान झालं. चिरंजीवांना अचानक आपली सीट परत हवी आहे. तर ३५ लिटरचा, एकदाच वापरलेला फ्रीज चॅनल आणि सहा एमएमच्या वायरसह विकणे आहे. कोथरूडला येऊन बघून जावं. भावात थोडं मागंपुढं होईल. गोधडी मात्र मिळणार नाही, ती आईची आहे.