नेतृत्व तीन दिवसांत, चहा-नाश्त्यासह

अंगणवाडीत जे काही बिघडलं आहे ते सेविकेच्या प्रशिक्षणाअभावी बिघडलं आहे, असा शोध आपल्या राज्यकर्त्यांना अलीकडे लागला आहे. छप्पर गळतं? प्रशिक्षण द्या. वजनकाटा बंद पडला? प्रशिक्षण द्या. मदतनिसाची जागा रिकामी आहे? मग तर नेतृत्वगुण फुलवणारं प्रशिक्षण हवंच, कारण एकटीनं दोघींचं काम रेटायला नेतृत्व लागतं. केंद्र सरकारनं मे २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ मोहीम सुरू केली, देशभरातल्या सुमारे तेरा लाख सेविकांच्या प्रशिक्षणासाठी सहाशे कोटी रुपये ठेवले आणि एकेकीला तीन दिवस बसवायचं ठरवलं. भागाकार केला तर डोई साडेचार हजारांच्या आसपास पडतात. सेविकेच्या महिन्याच्या मानधनातली केंद्रानं ठरवलेली रक्कमही साडेचार हजारच, आणि ती ऑक्टोबर २०१८ मध्ये ठरली. तिला महिनाभर राबवायला केंद्राच्या हिशेबी जेवढे पैसे लागतात, तेवढेच तिला तीन दिवसांत शहाणी करायला लागतात. शहाणपण महाग झालंय म्हणायचं की राबणं स्वस्त, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता ज्यांना व्यवस्थापन शिकवायचं, त्यांच्याकडे आधीच काय काय आहे ते पाहू. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हाच सेविकेच्या पदरात सहा सेवा पडल्या: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्याची चिठ्ठी, आयांना आहार-आरोग्याचे धडे, आणि राहिलंच तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं शिक्षण. पुढे अकरा नोंदवह्या आल्या. मग मोबाईल आला. तो आल्यावर वह्या जातील असं सांगण्यात आलं होतं. बऱ्याच ठिकाणी दोघंही गुण्यागोविंदानं नांदतात. मुलामागं दिवसाला आठ रुपये हा आहाराचा दर २०१७ मध्ये ठरला. कोल्हापूरच्या एस.टी. स्टँडवर आठ रुपयांत धड चहा मिळत नाही, आणि इथं एका जिवाचं पोषण करायचं आहे. हा प्रश्न शिवाजी विद्यापीठात व्यवस्थापनशास्त्र शिकणाऱ्यांना परीक्षेत एकदा घालून बघावा. उत्तरपत्रिका कोऱ्या आल्या तर दोष मुलांना देऊ नये.

एवढं कमी होतं म्हणून २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ योजनेचे अर्जही सेविकेकडे आले, अर्जामागं पन्नास रुपयांच्या प्रोत्साहनासह. तिथपर्यंत ठीक होतं. अर्ज भरून देणारी बाई गावाला आवडते. पण २०२५ च्या फेब्रुवारीत त्याच सेविकांना सांगण्यात आलं की, आता लाभार्थी बहिणींच्या दारात चारचाकी उभी आहे का, ते बघून या. ज्या घरातल्या बाळाचं वजन करायचं, त्याच घराच्या गाडीची चौकशी करायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन ‘वहिनी, बाळाला वरचं खायला सुरू केलं का?’ असं विचारायचं. तिथं पाण्याचा तांब्या पुढं येईल की कुत्रं, याचा अंदाज बांधणं ही व्यवस्थापनाची इतकी अवघड शाखा आहे की अहमदाबादच्या आयआयएमनंही तिच्या वाटेला जाऊ नये.

प्रशिक्षणाचा सोहळा मात्र बघण्यासारखा असतो. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह. फ्लेक्सवर साहेबांचे फोटो मोठे, बाळाचा लहान. चंदगड, गगनबावडा, शाहूवाडीच्या कडेकपारीतून पहिल्या एस.टी.नं निघून दहाला पोचलेल्या बाया, आणि उद्‌घाटक साडेअकराला. मग गट पाडायचे, चार्टपेपर पसरायचे, स्केचपेननं ‘उत्तम नेत्याचे गुण’ लिहायचे: संयम, नियोजन, सर्वांना सोबत घेणं. हे गुण लिहिणाऱ्या बाईनं घरी आणि अंगणवाडीत मिळून त्या दिवशीची किती कामं आधीच उरकलेली असतात, हे विचारायला कार्यक्रमपत्रिकेत जागा नसते. शेवटी हजेरीपटावर सह्या, एक फोटो, आणि तो फोटो ग्रुपवर. फोटो चढला की प्रशिक्षण झालं. तीन दिवस अंगणवाडीत मुलांजवळ कोण होतं, हा प्रश्न गावरान असल्यामुळे विचारला जात नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की, नेतृत्वाचं प्रशिक्षण ज्याला निर्णय घेता येतो त्याला द्यावं. इंग्लंडमध्ये २०२२ पासून बालशिक्षणातल्या नेतृत्वासाठी राष्ट्रीय पातळीवरचा दीड वर्षाचा अभ्यासक्रम चालतो. त्याला अर्थ आहे, कारण तिथली पाळणाघराची व्यवस्थापक माणसं नेमते, पैसे कशावर खर्चायचे ते ठरवते, दिवसाचा क्रम बदलते. आपल्या सेविकेला काय ठरवता येतं? आहारात काय द्यायचं ते वरून येतं. अॅप वरून येतं. कोणत्या दिवशी कोणता ‘दिवस’ साजरा करायचा तेही वरूनच येतं. नळाची तोटी गळाली तर ती अर्ज करू शकते, आणि अर्जाचं उत्तर आलं नाही तर स्मरणपत्र देऊ शकते. बरं, कायद्याच्या लेखी ती कोण? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अंगणवाडी सेविकेचं पद हे शासकीय सेवेतलं पद नव्हे. एप्रिल २०२२ मध्ये त्याच न्यायालयानं ती ग्रॅच्युइटीला पात्र असल्याचं मान्य केलं, तेवढाच दिलासा. तिच्या हातात पडतं ते आजही मानधनच. नेता आहे, कर्मचारी नाही. असा हुद्दा जगाच्या पाठीवर आणखी फक्त राजकीय पक्षांत सापडतो, पण तिथं निदान गाडी मिळते.

आणि खरंखुरं नेतृत्व दिसलं तेव्हा काय झालं, तेही आठवावं. ४ डिसेंबर २०२३ ते २५ जानेवारी २०२४ असे ५२ दिवस राज्यातल्या सेविका-मदतनिसांनी संप केला. राज्यभर गावोगाव विखुरलेल्या, तुटपुंज्या मानधनावरच्या बायांना दोन महिन्यांच्या आसपास एकत्र धरून ठेवणं यात नियोजन आहे, संवाद आहे, सर्वांना सोबत घेणं आहे, म्हणजे चार्टपेपरवरचे सगळे गुण आहेत. त्या गुणांबद्दल प्रमाणपत्रं देता आली असती. नोटिसा निघाल्या.

यावर समजूतदार माणसं म्हणतात की, टिंगल पुरे, प्रशिक्षण लागतंच. बरोबर आहे, लागतं. तीन-चार वर्षांच्या पोराला अक्षरं गिरवायला बसवू नये, त्याच्याशी बोलावं, त्याला खेळू द्यावं, हे शिकावं लागतं. वर्षानुवर्षं पालकच ‘आमचा बंड्या एबीसीडी कधी म्हणणार?’ म्हणून दारात उभे राहतात, तिथं तर ते पाठ नव्हे, पचलेलं असावं लागतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं हे ओळखलं होतं. बारावी झालेल्या सेविकेला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेलीला वर्षाची पदविका द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. योजनेच्या जुन्या चौकटीतही नव्या सेविकेला २६ कामाच्या दिवसांचं प्रशिक्षण होतं. आता धोरणात सहा महिने, जुन्या चौकटीत २६ दिवस आणि प्रत्यक्षात तीन, हा उतरता क्रम बघितला की प्रशिक्षणाचा आग्रह नेमका कोण सोडतंय ते कळतं. आक्षेप माझा प्रशिक्षणाला नाही. बाजारच्या पिशवीत हत्ती भरायचा आणि तो मावला नाही म्हणून पिशवीला नेतृत्व शिकवायचं, याला आहे.

शिवाय अडचण ज्ञानाची जास्त की वेळेची, याचा पुरावाही उपलब्ध आहे. तमिळनाडूत कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी ६४० अंगणवाड्यांवर प्रयोग केला. चिठ्ठ्या टाकून निम्म्या ठिकाणी अर्ध्या दिवसापुरती एक जादा बाई फक्त मुलांना शिकवण्यासाठी दिली. परिणाम असा की, मुलांच्या शिकण्याला मिळणारा वेळ दुप्पट झाला, मुलांचं गणित आणि भाषा सुधारली, आणि जी मुलं अंगणवाडीत टिकली त्यांच्यातलं खुजेपण आणि तीव्र कुपोषणही कमी झालं. शेवटचा भाग महत्त्वाचा, कारण जुन्या सेविकेला आहार-आरोग्याकडे बघायला थोडी उसंत मिळाली. नेतृत्वाचं शिबिर नाही, प्रेरणादायी वक्ता नाही. फक्त आणखी दोन हात. पण दोन हातांचं उद्‌घाटन होत नाही आणि त्यांना फ्लेक्सही शोभत नाही, त्यामुळे हा उपाय आपल्याकडे मागे पडला असावा.

दुसरा आक्षेप हिशेबाचा. सरकारी पैसा आहे, कागदावरची मुलं जेवून जातात, म्हणून ॲप हवं, फोटो हवा, चेहरा ओळखणारी यंत्रणा हवी. पैशाचा हिशेब हवाच, त्याबद्दल दुमत नाही. मात्र ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाईल सरकारला परत का केले? ते कामाला पुरत नव्हते, अडकत होते, आणि ॲप इंग्रजीत होतं. मराठी शाळेत शिकलेल्या बाईनं मराठी बाळाचं वजन इंग्रजीत भरायचं आणि भरताना फोन तापला तर तो पदराखाली झाकायचा, हे हिशेब ठेवण्याचं प्रशिक्षण झालं की सहनशक्तीचं? ज्या कुणी ते फोन निवडले, ज्यांनी ते ॲप तसंच पाठवलं, त्यांना खरेदी, भाषा आणि साधी विचारपूस या विषयांवर तीन दिवसांचं शिबिर घेतल्याचं कुठं ऐकिवात नाही. चूक खाली झाली की प्रशिक्षण, वर झाली की नवी निविदा.

कोल्हापूरकरांना तर हे समजायला अवघड जाऊ नये. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमीत पैलवान तयार होतो तो वस्ताद रोज पहाटे त्याच लाल मातीत उतरतो म्हणून. वस्तादानं तालुक्याला सभागृह घेऊन ‘धोबीपछाड : संकल्पना व आव्हानं’ यावर पीपीटी दाखवली असती आणि मग पोरांनी मांड्या घालून टिपणं काढली असती, तर खासबागच्या कुस्ती मैदानाचं आज नाट्यगृह झालं असतं. अंगणवाडीत वस्तादाची जागा पर्यवेक्षिकेची आहे. निकषाप्रमाणे साधारण पंचवीस अंगणवाड्यांमागं एक. तिनं केंद्रावर जाऊन मुलांमध्ये बसावं, सेविकेला गोष्ट सांगताना ऐकावं, स्वतः एक गोष्ट सांगून दाखवावी. तिचा महिना मात्र माहिती गोळा करण्यात, ती माहिती पुन्हा वेगळ्या तक्त्यात मागितली की परत गोळा करण्यात आणि सायंकाळी साडेसहाला ‘तात्काळ, आजच’ असा निरोप आला की पंचवीस जणींना फोन करण्यात जातो. वस्तादाला पोस्टमन केलं की आखाड्यात माती उरते, कुस्ती उरत नाही.

याच गावात उलट्या दिशेनं चालून दाखवलेलं उदाहरण आहे. शिक्षकांना शिकवणाऱ्या महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय काढलं, आणि आयुष्यभर शिक्षक घडवून झाल्यावर स्वतः मुलांच्या वर्गाकडे वळल्या. ती प्राथमिक शाळा होती, अंगणवाडी नव्हे, हे मान्य. पण आपण जे सांगतो ते वर्गात उतरतं का, हे सांगणाऱ्यानंच जाऊन बघायचं असतं, ही रीत तीच. त्याच्या कितीतरी आधी, १९४५ मध्ये, पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई मोडक मुंबई सोडून बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथंच येऊन मिळाल्या, आणि पाड्यातली मुलं शाळेत येत नाहीत म्हणून दोघींनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली. सरकारनं १९७५ मध्ये त्या कामातून अंगणवाडी हे नाव उचललं. चालत जाण्याचा भाग तेवढा फाईलीत राहिला.

अधिकाऱ्यांनाही प्रशिक्षण होतं, पुण्याला यशदात होतं, असं कुणी म्हणेल. होत असेल, आणि तिथलं जेवण चांगलं असतं असंही ऐकतो. त्यात एक बदल सुचवतो. ज्या अधिकाऱ्याच्या सहीनं अंगणवाडीला आदेश जातात, मग तो जिल्हा परिषदेतला असो वा मंत्रालयातला, त्यानं वर्षातून तीन दिवस एखाद्या अंगणवाडीत सेविका म्हणून काढावेत. गगनबावड्याच्या पावसात काढले तर उत्तम. पंचवीस पोरं, एक वजनकाटा, मध्येच लघवीला निघालेली चार, रडणारी दोन, रेंज नसलेला फोन, आणि दुपारी दोनला त्याच्याच कार्यालयातून आलेला तातडीचा निरोप. तिसऱ्या दिवशी त्याला चार्टपेपर द्यावा आणि ‘यातली कोणती माहिती मागवली नाही तरी चालेल?’ एवढा एकच प्रश्न विचारावा. सहाशे कोटी लागणार नाहीत. चहा-नाश्ता सेविका देतील. त्या तेवढं जमवतातच.

शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा पोरगं शाळेत न धाडणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड ठेवला, पण त्याआधी त्यांनी तिजोरी मोकळी केली. आज तिजोरीचा एक कोपरा गावातच आहे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. वजनकाटा, तोटी, छपराचे पत्रे, बसायच्या सतरंज्या, गोष्टींची पुस्तकं यांतलं बरंच काही त्या पैशांतून येऊ शकतं, आणि त्यासाठी कुणालाही नेतृत्व शिकायला तालुक्याला जावं लागत नाही. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा उभं राहून विचारा की, गेल्या वर्षीच्या दहा टक्क्यांत आमच्या अंगणवाडीला काय आलं, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.